गेटवरची पाहुणी

"आत कुणाकडे?"

"आत्याकडे."

"काय झालंय आत्यांना?"

"पित्ताशयात खडे," ती म्हणाली आणि तिनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

"कितव्या मजल्यावर आहेत?"

"तिसऱ्या."

गेटवरच्या माणसानं पेन खाली ठेवलं. "तिसऱ्या मजल्यावर बाळंतिणी असतात," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "आत्यांना नक्की खडेच झालेत ना?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तिचे कान तापले. आजवर कितीतरी गेटांवर तिनं कितीतरी नातेवाईक आजारी पाडले होते, पण तिच्या आत्याची इतकी आस्थेनं चौकशी कुणी केली नव्हती. हा उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीतला माणूस मात्र तिच्याकडे शांतपणे बघत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू अडकलं होतं, आणि ते काही तो बाहेर येऊ देत नव्हता.

"पास नाही तर आत सोडता येणार नाही," तो म्हणाला. "भेटायची वेळ चारची. तोवर समोर चहाच्या टपरीवर बसा, तिथं वर पत्रा आहे. उगीच भिजू नका."

ती वळली, तेव्हा तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात तो पुढे म्हणाला, "आणि आल्या आल्या वर कॅमेऱ्याकडे बघत जाऊ नका. नातेवाईक आधी चौकशीच्या खिडकीकडे बघतात."

आता ही बाई कोण हे सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही तिला थापाडी समजाल. थापाडी ती होतीच, पण पगारी. मोठमोठी रुग्णालयं, कारखाने, बँका आपल्या दारावर खासगी सुरक्षा कंपन्यांची माणसं उभी करतात. ती माणसं खरंच काही राखतात की नुसती खुर्ची राखतात, हे बघून त्या कंपन्यांना दर्जा देणारं एक छोटंसं ऑफिस होतं आणि तिथं ती कामाला होती. अ, ब, क आणि ड. अनोळखी माणसाला अडवतात का, मागचं दार उघडं राहतं का, आगीची घंटा वाजली तर कोण कुठं धावतं, आणि हे सगळं करताना समोरच्याशी माणसासारखं बोलतात का… सगळ्याला गुण. तिचं काम म्हणजे खोटं बोलून आत शिरायचा प्रयत्न करायचा. ऑफिसात तिला सगळे पाहुणी म्हणायचे, आणि आपणही तेच म्हणू.

त्या माणसाला म्हणायचे मास्तर. तो त्या रुग्णालयाच्या गेटवरचा सुपरवायझर. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी पार्किंगमध्ये आपल्या माणसांना रांगेत उभं करून तो शिकवायचा, म्हणून मास्तर. समोरचा ओरडला तर आपण आवाज खाली आणायचा. म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवून नाव विचारायचं नाही, आधी बसवायचं. रडणाऱ्या माणसाला पाणी द्यायचं आणि मगच नाही म्हणायचं. पाहुणीला हे नंतर कळलं. त्या दिवशी तिला एवढंच कळलं की आपल्याला कुणीतरी पकडलंय आणि ते आपल्याला फारसं वाईट वाटत नाहीये.

ऑफिसात जाऊन तिनं त्या कंपनीला पैकीच्या पैकी गुण दिले. मग पेनचं टोपण चावत बसली.

कारण ऑफिसचा एक नियम होता. गेटवरच्या माणसानं तुम्हाला ओळखलं की ती जागा तुमची राहिली नाही. पुढच्या महिन्यात तिथं दुसरं कुणीतरी जाणार. आणि हे तुम्ही आपण होऊन साहेबांना सांगायचं, कुणी विचारायची वाट बघायची नाही. साधी गोष्ट होती. "साहेब, तिथं मला ओळखलं," इतकं म्हणायचं होतं.

पण ओळखलं असं कुठं म्हणाला तो? कॅमेऱ्याकडे बघू नका म्हणाला. चोर समजला असेल. चोर समजणं म्हणजे काही ओळखणं नव्हे… मनात आलं की माणूस स्वतःची वकिली किती फर्डी करतो ते बघा. पाहुणी साहेबांना काही बोलली नाही, आणि पुढच्या महिन्याची फेरी कधी लागते म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागली.

पुढच्या महिन्यात तिनं नणंदेला अपघात घडवून आणला.

"तुमचं लग्न झालंय?" मास्तरनं विचारलं. अगदी कोऱ्या चेहऱ्यानं, जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.

"हे तुमच्या प्रश्नांत आहे?"

"नणंद म्हणालात म्हणून विचारलं. नातं नीट लिहावं लागतं."

"मग… मैत्रिणीची नणंद लिहा."

"बरं," तो म्हणाला, आणि लिहिताना त्याची मान इतकी खाली गेली की तिला त्याचा चेहराच दिसेना. "मैत्रिणीची नणंद. पास नाही. चारला या."

त्याच्या पुढच्या महिन्यात ती मोठा फुलांचा गुच्छ घेऊन डिलिव्हरीवाली झाली. त्यानं गुच्छ बाजूच्या टेबलावर ठेवून घेतला, एकेक देठ हलवून तपासला आणि म्हणाला, "पाठवणाऱ्यानं नाव नाही लिहिलं. फार लाजाळू दिसतो." मग मावसभाऊ आजारी पडला. मग एक चुलत सासरे, ज्यांच्याबद्दल तो म्हणाला की आधी नवरा दाखवा, मग सासरे बघू.

"घराणं मोठं आहे हो तुमचं," तो एकदा म्हणाला.

"हो ना. आणि सगळे आजारी."

"तुम्ही तेवढ्या ठणठणीत आहात."

"दृष्ट लावू नका."

तो एकदाही म्हणाला नाही की मी तुम्हाला आधी पाहिलंय. कारण ही दर्जा देणारी बाई आहे हे त्यानं कधीच ओळखलं होतं, आणि त्यालाही नियम माहीत होता. ओळखलं असं तोंडातून निघालं की ही बाई पुन्हा यायची नाही. म्हणून दर महिन्याला तो तिला नव्यानं अडवायचा, सगळे प्रश्न नव्यानं विचारायचा, आणि तीही सगळं नव्यानं खोटं सांगायची. दुसऱ्या माणसांचं प्रेम ओळखीतून वाढतं. ह्यांचं अनोळखीपणा सांभाळण्यात वाढत होतं, आणि दोघं तो फार जिवापाड सांभाळत होते.

घरी आईला मात्र वास लागला. "गेटवरून हाकलून घ्यायला जातेस ना तू?" आई एका सकाळी म्हणाली. "त्यासाठी आरशासमोर एवढा वेळ?"

"कामच तसं आहे आई. वेगवेगळी सोंगं घ्यावी लागतात."

"हं. हे सोंग जरा बरं दिसतंय," आई म्हणाली आणि तिच्या कानातलं सरळ करून दिलं.

गुणांच्या बाबतीत पाहुणीनं कधी हयगय केली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. एकदा ती पुढच्या गेटला न जाता मागे धोबीखान्याकडे गेली. तिथल्या पोरसवदा पहारेकऱ्यानं मोबाइलमधून मान वर न काढताच तिला आत जाऊ दिलं. ती चांगली दोन मजले फिरून आली. ऑफिसात बसून तिनं बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं, आणि त्या महिन्याचा दर्जा अ वरून ब वर आणला. हात जड झाला होता, पण आणला.

त्याच आठवड्यात एका दुपारी पाऊस लागला, धड कोसळेना आणि धड थांबेना असा. पाहुणी दुसऱ्या कुठल्या कामावरून परतत होती. बसमधून उतरून तिला घराकडे जायचं होतं, आणि ती पोचली रुग्णालयासमोरच्या टपरीवर. कशी, ते तिलाच ठाऊक. पत्र्याखाली उभी राहून ती चहाची वाट बघत होती, तेवढ्यात पाळी संपलेला मास्तर रस्ता ओलांडून आला. गणवेश नव्हता. साध्या शर्टात तो तिला एकदम तरुण वाटला, आणि थोडा भित्रासुद्धा.

"आत्या बऱ्या आहेत का?" त्यानं विचारलं.

"बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात."

"माझी?"

"म्हणतात, एवढी चौकशी सख्ख्या भावानं केली नाही कधी."

तो हसला. पहिल्यांदाच ते अडकलेलं हसू पुरतं बाहेर आलं, आणि पाहुणीनं घाईघाईनं पावसाकडे बघितलं. पत्र्याच्या कडेवरून पाण्याची धार नेमकी तिच्या कपाशेजारी पडत होती. त्यानं कप उचलून आत सरकवला, आणि मग स्वतः धारेच्या बाजूला उभा राहिला. त्याचा खांदा भिजत होता. तिनं सांगितलं तर तो म्हणाला, "असू दे, वाळेल."

"या महिन्यात आम्हाला कुणीतरी ब दिलाय," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"असं? वाईट झालं."

"नाही, बरोबर झालं. मागच्या दाराकडे माझंच दुर्लक्ष झालं होतं. ज्यानं दिलाय त्यानं नीट बघितलंय." त्यानं चहाचा घोट घेतला. "ज्यानं… किंवा जिनं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला. एक दिवस. मग बरं वाटलं. म्हटलं, चला… म्हणजे जेव्हा अ देते, तेव्हा तोही खराच असतो."

गेटागेटांवर एका श्वासात तीन थापा मारणारी ही बाई टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगून मोकळी झाली. मास्तरला कळलं असणार, कारण तो दुसरीकडे बघायला लागला.

अशा दोनतीन दुपारी आल्या. फोन नंबर एकमेकांना दिला नाही. नंबर दिला की ओळख झाली, आणि ओळख झाली की फेरी गेली. शेवटच्या दुपारी तो तिला भाचीबाई म्हणाला, आत्यांची म्हणून.

"भाचीबाई, एकदा काही खोटं न सांगता या ना."

"मग आत कसं सोडाल?"

"आत नका येऊ," तो म्हणाला. "मी बाहेर येईन."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, दोघांच्या पायांवर चिखल उडाला, आणि दोघांनाही त्याचं काही नव्हतं. पाहुणीनं मनाशी ठरवून टाकलं. रुग्णालयाचं कंत्राट वर्षाचं होतं आणि वर्ष आता संपत आलं होतं. एकदा वर्षाचा दर्जा ऑफिसातून गेला की साहेबांना सांगायचं, ही जागा दुसऱ्या कुणाला द्या. आणि मग एका दुपारी सरळ गेटवर यायचं, आत्या नाही, नणंद नाही, कुणी नाही, आणि म्हणायचं, तुमच्याकडेच आलेय. "वर्ष संपू दे," ती म्हणाली. तो "बरं" म्हणाला. दोघं शहाणी होती, धीराची होती. कधीकधी वाटतं, एवढा शहाणपणा नसता तर बरं झालं असतं.

वर्ष संपायच्या आतच तक्रार आली.

मागच्या खेपेला ज्या कंपनीचं कंत्राट हुकलं होतं, तिच्या माणसांनी टपरीवरचा फोटो काढला होता. पत्रा, पाऊस, दोन कप, आणि अगदी जवळ उभे असलेले दोघं. दर्जा देणारी बाई आणि दर्जा घेणारा सुपरवायझर. रुग्णालयाच्या समितीनं दोघांना बोलावलं, त्याला सकाळी आणि तिला दुपारी. मध्ये बोलायला वाव नव्हता. तिच्याकडे त्याचा नंबर नव्हता आणि ती आत गेली तेव्हा गेटवर दुसराच सुपरवायझर उभा होता.

साहेब तिला गाडीतून घेऊन गेले. साहेब तसे भले, पण घाबरट. "हे बघ," ते म्हणाले, "ओळख नसेल तर नाही म्हण आणि मोकळी हो. असेल… तर मला सांगूच नको. ओळख निघाली की त्या कंपनीचा वर्षाचा दर्जा रद्द. कंत्राट गेलंच समज. गेटवरची एकूण एक माणसं घरी बसतील."

टपरीवर मास्तर ज्यांच्याबद्दल बोलायचा ती माणसं पाहुणीच्या डोळ्यांसमोर आली. बायकांच्या पिशव्या तपासणाऱ्या मावशी, ज्यांची मुलगी नर्सिंग शिकत होती. लिफ्टजवळचे अप्पा, ज्यांचे गुडघे दुखायचे आणि तरी कुणी म्हातारं आलं की तेच आधी उठायचे. धोबीखान्याकडचा तो पोरगा, ज्याला मास्तरनं हाकललं नव्हतं, पुन्हा शिकवलं होतं. आपल्या एका शब्दानं ही सगळी माणसं रस्त्यावर येणार. आणि मास्तर? त्यानं सकाळी काय सांगितलं असेल? त्याचा आपल्या माणसांवर जीव होता. तो नाहीच म्हणाला असणार. आपण हो म्हटलं तर तो खोटा पडेल. एवढा सगळा हिशेब तिनं जिना चढता चढता केला, आणि तो तिला अगदी पक्का वाटला.

समितीत मध्यभागी अधीक्षकबाई बसल्या होत्या. पांढरे केस, बारीक आवाज. समोर टेबलावर फोटो होता.

"यांना ओळखता तुम्ही?"

"नाही," पाहुणी म्हणाली. "गेटवर पाहिलंय, तेवढंच."

"आणि हा फोटो?"

"पाऊस होता. टपरीवर कुणीकुणी उभं असतं. शेजारी कोण आहे ते मी बघितलं नाही."

"म्हणजे हे तुमचे कुणी नाहीत."

"कुणी नाहीत."

किती छान बोलली ती. आवाज कापला नाही, नजर ढळली नाही. इतकी वर्षं गेटागेटांवर कमावलेलं सगळं कसब तिनं त्या एका उत्तरात ओतलं होतं. अधीक्षकबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले.

"सकाळी ते येऊन गेले," त्या म्हणाल्या. "मी हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, ओळखतो. चहा घेतलाय बरोबर. म्हणाले, बाईंनी कधी सूट दिली नाही, उलट एकदा दर्जा खाली आणला, आणि तो बरोबर आणला. वाटलं तर आमची परीक्षा पुन्हा घ्या, दुसऱ्या कुणाकडून. आम्ही तयार आहोत." त्या थांबल्या. "मग जाताजाता म्हणाले, मला त्यांना लग्नाचं विचारायचंय, अजून विचारलेलं नाही. तेव्हा एवढं माझ्याआधी त्यांच्या कानावर घालू नका. आता मला घालावं लागलं."

पाहुणीला खुर्चीचा हात सापडेना. साहेब छताकडे बघत होते.

"तुम्ही हो म्हणाला असतात ना," अधीक्षकबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं, "तर दुसरं माणूस पाठवून एक फेरी नव्यानं घेतली असती आणि विषय मिटला असता. आता तुमचे वर्षभराचे अहवाल मी खरे कशाच्या जोरावर मानू?"

जबाबाच्या कागदांवर सह्या होईपर्यंत अर्धा तास गेला, मग ती जिना उतरून धावतच गेटवर आली. मास्तर दुपारच्या पाळीवर आला होता. बारीक पाऊस होता, त्याच्या टोपीच्या कडेला थेंब जमले होते. तिला बघून त्यानं सवयीनं पेन उचललं आणि मग खाली ठेवलं. त्याला कळलं होतं. रुग्णालयात भिंतींना कान असतात, आणि ते कान आधी गेटवरच येऊन बोलतात.

"तुमच्या माणसांसाठी म्हणाले मी," ती धापा टाकत म्हणाली. "त्यांच्या नोकऱ्या…"

"माझ्या माणसांचं मी बघितलं असतं."

"मला वाटलं तुम्हीही नाही म्हणाल."

"मी?" तो खरंच चकित झाला. "गेटवर कुणी खोटं बोललं तर ते धरायचं, हे माझं काम. मी कसा खोटं बोलेन?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मला वाटलं, तुम्ही तर नाहीच बोलणार. गुणांच्या बाबतीत इतक्या कडक… म्हटलं, ही बाई खेळात खोटं बोलते, खऱ्यात नाही."

"मी घाबरले होते."

"तुम्ही घाबरलात की तुमचा हात पर्सच्या पट्ट्याकडे जातो. मला माहितेय."

"तेव्हाही गेला होता."

"असेल. तिथं मी नव्हतो बघायला." तो कसनुसं हसला. "तिथं बसलेले म्हणतात, बाई एवढं सहज म्हणाल्या की आम्हाला खरंच वाटलं असतं. तेच डोक्यातून जात नाही बघा. तुमच्या थापा मला आवडायच्या, कारण मला त्या ओळखू यायच्या."

पावसात दोघं उभी. मध्ये ती लाल-पांढरी आडवी दांडी.

"तुम्ही मला काही विचारणार होतात," पाहुणी म्हणाली.

"होतो," तो म्हणाला. "आता काय विचारू? उत्तर तर दिलंत तुम्ही. माणसं बसवून, फोटो समोर ठेवून."

ते उत्तर नव्हतं. ते उत्तर नव्हतंच, आणि हे त्याला त्या क्षणी, तिथंच सांगायला हवं होतं, मोठ्यानं, मागची रांग ऐकत असली तरी. पण तेवढ्यात मागून रुग्णवाहिका आली, भोंगा वाजवत. त्यानं दांडी वर केली, रांग बाजूला सारली आणि स्ट्रेचरमागे आतपर्यंत धावत गेला. तो परत यायला वेळ लागला असता. पाहुणीनं थोडी वाट बघितली. मग तिला वाटलं, आता त्याला कामात कशाला अडवा. मग वाटलं, तोच विचारील पुन्हा, पुरुषमाणूस आहे. मग वाटलं, इतका राग असेल तर असू दे. आणि ती निघून गेली. तिथं थांबायला हवं होतं तिनं, बाकी काही नाही, नुसतं थांबायला.

पुढचं सगळं रीतसर झालं. कंपनीचा दर्जा रद्द झाला, कंत्राट दुसऱ्यांना गेलं. पाहुणीच्या बाहेरच्या फेऱ्या बंद झाल्या आणि तिला टेबल मिळालं, पंख्याखालचं. दुसऱ्यांनी केलेल्या फेऱ्यांच्या गुणांची ती बेरीज करायची. आईनं एकदोन स्थळं आणली. पाहुणीनं बघितली आणि नको म्हटलं. "का नको?" आईनं विचारलं. तिला कारण देता आलं नाही. मग एका संध्याकाळी भाजी निवडतानिवडता तिनं आईला सगळं सांगितलं, आत्याच्या खड्यांपासून. आईचे हात थांबले.

"आणि तू अजून इथं काय करतेयस?" आई म्हणाली. "जा ना बाई. जाऊन सांग त्याला. फार तर काय होईल, नाही म्हणेल."

"मी तशीच नाही म्हणाले होते आई."

"मग तुला कळेल त्याला कसं वाटलं ते. जा."

जायला तरी तिनं वेळ लावलाच. पाऊस सरला, उन्हं पडली, झाडांना नवी पानं आली. अखेर एका दुपारी सुट्टी टाकून ती निघाली. कानात आईनं सरळ करून दिलेलंच कानातलं होतं. बसमध्ये सगळा रस्ता ती एकच वाक्य घोळवत होती. तुमच्याकडेच आलेय. तुमच्याकडेच आलेय. इतकं साधं वाक्य, आणि तिला ते म्हणायची प्रॅक्टिस करावी लागत होती.

कंपनी बदलली म्हणजे गेटवर आता सगळी नवी माणसं असणार, हे तिनं धरलंच होतं. त्यांच्याकडे विचारून त्याचा पत्ता काढायचा, एवढीच आशा होती. ती गेटजवळ आली आणि थबकली. नव्या आकाशी रंगाच्या शर्टात, बायकांच्या रांगेपाशी, त्याच मावशी उभ्या होत्या. पलीकडे काचेतून लिफ्ट दिसत होती आणि लिफ्टजवळ अप्पा, एका म्हाताऱ्या बाईला हात देत. धोबीखान्याकडून तो पोरगासुद्धा आला, आकाशी शर्टात, आणि या खेपेला हातात मोबाइल नव्हता.

"मावशी," तिच्या तोंडून निघालं. "तुम्ही सगळे… इथंच?"

मावशींनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि ओळखलं. "इथंच की. कुठं जाणार? कंपनी बदलली की शर्ट बदलतो, माणसं तीच राहतात. एवढी शिकलेली माणसं एका रात्रीत कुठून आणणार ते? आम्हाला एक दिवससुद्धा घरी बसवलं नाही."

पाहुणीला ऊन एकदम फार वाटलं. कंपन्यांचे दर्जे तिला तोंडपाठ होते. दर्जा गेल्यावर माणसांचं काय होतं, हे बघायला ती कधी परत आली नव्हती. ज्यांच्यासाठी ती त्याला नाही म्हणाली होती, ती सगळी माणसं जागच्या जागी होती.

"आणि मास्तर?"

"मास्तर तेवढे गेले."

"त्यांना ठेवलं नाही?"

"ठेवलं नाही कसं? नव्या कंपनीनं पगार वाढवून विचारलं. थांबले नाहीत." मावशींनी पुढच्या बाईची पिशवी उघडली, आत हात फिरवला, जाऊ दिलं. "मी म्हटलं, मास्तर, का जाताय? तर म्हणाले, मावशी, हल्ली येणाऱ्या प्रत्येक बाईचा मी आधी चेहरा बघतो. हात नाही बघत, पिशवी नाही बघत. चेहरा बघतो आणि मग काही बघायचं सुचत नाही. असा माणूस गेटवर ठेवू नये. मीच मला पास करणार नाही."

पाहुणीचा हात पर्सच्या पट्ट्याकडे गेला, मग पर्सच्या आत, आणि तिनं मोबाइल बाहेर काढला. "नंबर आहे त्यांचा?" ती म्हणाली. "मावशी, मला त्यांचा नंबर द्या ना. मला त्यांना… मला सांगायचंय काहीतरी."

मावशींनी मागच्या बाईला जरा थांबायची खूण केली.

"नंबर आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "देते. पण बाई… त्यांचं लग्न ठरलंय. बहिणीनं ठरवलं. मुलगी शाळेत शिकवते, चांगली आहे म्हणे. पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे जाणार आहोत." त्यांनी पाहुणीकडे बघितलं. "सांगा बघू. देऊ का नंबर?"

अप्पांनी काचेपलीकडून तिला ओळखून हात केला. पाहुणीनंही केला.

"राहू दे मग," ती म्हणाली.

मावशी आणखी काही बोलणार होत्या, पण मागे रांग लांब झाली होती आणि भेटायची वेळ झाली होती. पाहुणी बाजूला झाली आणि तिनं मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं.